गळ्यातली गाठ आणि बॅजवरचा आकडा

वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे :

"आदरणीय डॉक्टर, आम्ही खानापूर तालुक्यातील आहोत. माझे यजमान ४१ वर्षांचे असून नऊ वर्षांपासून ठेकेदारामार्फत कैगा येथील अणुवीज केंद्रात पाईप फिटर म्हणून जातात. शटडाऊन असला की दोन-दोन महिने तिकडेच राहतात. गेल्या महिन्यात बेळगावात सवलतीच्या पॅकेजमध्ये सगळ्या तपासण्या करून घेतल्या. गळ्याच्या सोनोग्राफीत थायरॉईडच्या उजव्या बाजूला ९ मिलिमीटरची गाठ निघाली आणि पुढे 'टायरॅड्स ३' असे लिहिले आहे. टीएसएच ५.९ आला, टी-फोर ठीक आहे. माझ्या दिरांनी चेर्नोबिलच्या कामगारांचा व्हिडिओ दाखवला आणि आयोडीनच्या गोळ्या ऑनलाईन मागवून ठेवल्या. सासूबाई म्हणतात, काम सोड. यजमान विचारतात, सोडून करू काय? हे रेडिएशनमुळेच झाले का? गोळ्या द्याव्यात का? आमच्या आठ वर्षांच्या मुलीचेही स्कॅन करून घ्यावे का?"

ताई,

तुमच्या पत्रासोबतचे अहवाल मी दोनदा वाचले. त्यांत गाठीची लांबी, रुंदी, रक्तातले आकडे असे सगळे आहे, पण ज्या एका आकड्यावाचून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तोच नेमका त्यात नाही. तुमच्या यजमानांना नऊ वर्षांत एकूण किती किरणोत्सर्ग मिळाला, तो कोणत्या वाटेने मिळाला आणि त्यात किरणोत्सारी आयोडीनचा वाटा होता का, हे कळल्याशिवाय गाठीकडे बोट दाखवून "हे कैगामुळेच" किंवा "कैगाचा काही संबंध नाही" असे म्हणणे म्हणजे निव्वळ तर्क ठरेल. त्या आकड्याकडे पुढे येतो. त्याआधी दिरांच्या व्हिडिओविषयी बोलले पाहिजे, कारण घरातली भीती तिथूनच आली आहे आणि तिच्यात खऱ्याचा अंशही आहे.

अणुभट्टीच्या अपघातात थायरॉईडचेच नाव आधी का निघते, याचे कारण त्या ग्रंथीच्या कामात आहे. शरीरात आयोडीन साठवून ठेवणारी ही मुख्य जागा. संप्रेरके तयार करण्यासाठी रक्तातले आयोडीन ती ओढून घेते, आणि साधे आयोडीन कोणते व किरणोत्सारी कोणते, हा फरक तिला कळत नाही. भट्टीच्या इंधनात अणूंचे विभाजन होताना आयोडीन-१३१ तयार होते. एरवी ते इंधनाच्या नळ्यांत बंद असते. अपघातात इंधन वितळले किंवा फुटले की हवेत येते, श्वासातून आणि दुधातून शरीरात शिरते आणि त्याचा बराच भाग त्या एका लहानशा ग्रंथीत जाऊन बसतो. मात्र त्याचे अर्धायुष्य केवळ ८ दिवसांचे आहे. दर आठ दिवसांनी निम्मे, या हिशेबाने ऐंशी दिवसांत ते हजारात एक भाग इतकेच उरते. पुढचा सगळा फरक या हिशेबावर अवलंबून आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

चेर्नोबिलचा अपघात २६ एप्रिल १९८६ चा. त्यानंतर सफाईसाठी आणि भट्टीभोवती आच्छादन उभारण्यासाठी लाखो माणसे नेण्यात आली. त्यांना 'लिक्विडेटर' म्हणतात. व्हिडिओत ही सगळी माणसे एकाच रांगेत उभी दिसतात, पण थायरॉईडच्या दृष्टीने त्यांचे दोन निराळे गट पडतात. जे पहिल्या काही आठवड्यांत तिथे होते, त्यांनी आयोडीन श्वासात घेतले. जे १९८७ मध्ये किंवा नंतर गेले, त्यांच्या वेळी ते आयोडीन उरलेच नव्हते. त्यांना जो किरणोत्सर्ग मिळाला तो बाहेरून, साऱ्या शरीराला सारखा. बेलारूस, रशिया आणि बाल्टिक देशांतील लिक्विडेटरांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थायरॉईडला मिळालेल्या दर १०० मिलिग्रेमागे (ग्रे हे शरीराच्या भागाने शोषलेल्या किरणोत्सर्गाचे माप, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग) कर्करोगाचा धोका साधारण ३८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हा आकडा मी लपवणार नाही. प्रौढ माणसाच्या थायरॉईडला किरणोत्सर्गाने काहीच होत नाही, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई, ते तितकेसे खरे नाही. पण ३८ टक्के कशाचे, हेही पाहावे. आपल्याकडे पुरुषांत हा कर्करोग वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. त्या एक-दोनचे ३८ टक्के. शिवाय लिक्विडेटरांची तपासणी इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा होत असे, आणि जास्त शोधले की जास्त सापडते. या शेवटच्या गोष्टीकडे मला पुन्हा यायचे आहे.

खरा आघात झाला तो मुलांवर. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्याचे मोठे कारण होते गवतावर पडलेले आयोडीन, ते गवत खाल्लेल्या गायी आणि त्यांचे दूध न थांबवता मुलांना दिले जाणे. त्यांपैकी तोवर दगावलेल्यांची संख्या पंधरा होती. हा कर्करोग बहुतेक वेळा बरा होतो, हेही त्यावरून दिसते.

जपानमधल्या फुकुशिमाचे उदाहरण तुमच्या यजमानांसाठी अधिक उपयोगी आहे, कारण तिथे कामगारांच्या मात्रांची नोंद बरीच नीट ठेवली गेली. मार्च २०११ च्या त्या अपघातात आणीबाणीसाठीची मर्यादा १०० वरून २५० मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या परिणामाचे माप) करण्यात आली आणि तरीही सहा जणांनी ती ओलांडली. सर्वांत जास्त मात्रा ६७८ मिलिसिव्हर्ट होती. त्यातील ८८ बाहेरून आणि ५९० श्वासावाटे आत गेलेल्या आयोडीनमुळे. आता एक बारीक गोष्ट सांगतो, जी कंपनीच्या कागदावर सहसा कोणी समजावून देत नाही. कामगाराच्या खात्यात लिहिलेली मात्रा संपूर्ण शरीराची असते आणि त्या बेरजेत थायरॉईडला फक्त ०.०४ इतके वजन दिलेले असते. म्हणजे आयोडीनमुळे संपूर्ण शरीराच्या खात्यात ४० मिलिसिव्हर्ट पडले असतील, तर प्रत्यक्ष ग्रंथीला १००० मिलिसिव्हर्ट मिळालेले असतात. त्यामुळेच फुकुशिमाच्या बारा कामगारांच्या थायरॉईडला २ ते १२ ग्रे इतकी प्रचंड मात्रा मिळाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने नोंदवले. उलट किरणोत्सर्ग बाहेरून आला असेल तर ग्रंथीला साधारण तेवढाच मिळतो जेवढा बाकी शरीराला. ३० तर ३०. आकडा तोच असला तरी आयोडीनचा आणि बाहेरचा अर्थ एक नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने फुकुशिमाच्या एका कामगाराचा थायरॉईड कर्करोग कामामुळे झालेला आजार म्हणून मान्य केला. चाळिशीतल्या त्या माणसाची एकूण मात्रा १५० मिलिसिव्हर्टच्या आसपास होती, त्यातली सुमारे ४० शरीराच्या आत गेलेली. मान्यतेसाठी तिथे लावलेला निकष असा की एकूण मात्रा १०० मिलिसिव्हर्ट किंवा अधिक असावी आणि आजार त्यानंतर किमान पाच वर्षांनी उद्भवलेला असावा. नोंदी होत्या म्हणून त्या माणसाला दाद मागता आली.

आता कैगाकडे येऊ. तिथल्या चारही २२० मेगावॅटच्या भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी भट्टी बंद असताना, पाईप फिटरला जो किरणोत्सर्ग मिळतो तो मुख्यतः दोन वाटांनी: पाईपांच्या आतल्या थरात साचलेल्या कोबाल्टसारख्या किरणोत्सारी पदार्थांतून बाहेरून, आणि जड पाण्यातील ट्रिटियममधून (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार), जे बाष्पाच्या रूपात शरीरात जाते. ट्रिटियम शरीरातल्या पाण्यात मिसळते आणि लघवीवाटे निघून जाते. थायरॉईडमध्ये ते साठत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगातील एका पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम मिसळल्याचे उघड झाले होते आणि पन्नासच्या आसपास कामगारांच्या लघवीत ते जास्त आढळले होते. आपल्या भागात त्याची आठवण अजून निघते आणि तेव्हाचा धसका समजण्यासारखा आहे, परंतु त्या प्रकाराचा गळ्यातल्या गाठीशी संबंध जोडता येत नाही. इंधनाच्या नळीला बारीक तडा गेला तर थोडे आयोडीन बाहेर येऊ शकते; तशी शंका असेल तेव्हा कामगाराच्या गळ्याजवळ उपकरण ठेवून मोजणी केली जाते. ती तुमच्या यजमानांची कधी झाली का, हे त्यांनाच आठवेल.

तेव्हा यजमानांनी पुढच्या फेरीत करायचे काम असे. छातीवर लावतात तो टीएलडी बॅज (बाहेरून मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारा) वाचल्यानंतर त्याची मात्रा कामगाराच्या कायम क्रमांकावर राष्ट्रीय नोंदवहीत जमा होते. ठेकेदार बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही, आणि बदललेला दिसला तर तेच आधी दुरुस्त करून घ्यावे, कारण दोन क्रमांकांत विभागलेली बेरीज कोणाच्याच ध्यानात येत नाही. केंद्राच्या आरोग्य-भौतिकी विभागाकडे (कामगारांच्या किरणोत्सर्गावर लक्ष ठेवणारा विभाग) वर्षवार मात्रा लेखी मागावी, त्यात लघवी तपासणीतून काढलेली ट्रिटियमची मात्रा वेगळी दाखवायला सांगावी, आणि आयोडीनची मोजणी कधी झाली असेल तर तिचा निकाल मागावा. ठेकेदाराच्या तोंडी "सगळे लिमिटमध्ये आहे" या उत्तरावर थांबू नये. आपल्या देशातील मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० अशी आहे. नऊ वर्षांची बेरीज १०० च्या बरीच खाली असेल आणि आयोडीनचा प्रसंग घडलेला नसेल, तर ही गाठ किरणोत्सर्गाने झाली असे म्हणायला आधार उरत नाही. बेरीज १०० च्या पुढे गेलेली असेल, किंवा ग्रंथीची मात्रा वेगळी नोंदलेली असेल, तर तो कागद घेऊन अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे जावे. कागद नीट जपून ठेवावा. जुन्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत किरणोत्सर्गाने होणारे आजार व्यवसायजन्य म्हणून धरलेले आहेत, आणि उद्या कधी तशी वेळ आलीच तर पहिला प्रश्न मात्रेचाच विचारला जाईल.

गाठीचे काय करायचे? प्रौढ माणसांचे गळे चांगल्या सोनोग्राफी यंत्राखाली धरले तर पाचातल्या एकापासून ते निम्म्याहून अधिक जणांपर्यंत थायरॉईडमध्ये काही ना काही गाठ दिसते, आणि बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. कैगाचे नावही न ऐकलेल्या, निपाणीच्या बाजारात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या गळ्यातही ती असू शकते. 'टायरॅड्स ३' म्हणजे गाठीचे रूप फारसे संशयास्पद नाही. या गटात सुईने पेशी काढून तपासण्याचा विचार साधारण अडीच सेंटीमीटरच्या पुढे करतात. तुमच्या यजमानांची गाठ एका सेंटीमीटरचीही नाही. सुई टोचू नये, शस्त्रक्रियेचे तर नावही काढू नये. मात्रा जास्त निघाली, किंवा वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला थायरॉईडचा कर्करोग झालेला असेल, तर तज्ज्ञ कदाचित वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतील, आणि तेवढे पुरे. आवाज घोगरा होऊन तसाच राहिला, गिळताना अडथळा येऊ लागला, गाठ भरभर वाढली किंवा मानेच्या बाजूला वेगळ्या टणक गाठी हाताला लागल्या, तर मात्र वर्षाची वाट पाहू नये.

टीएसएच हे थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक, आणि टी-फोर हे थायरॉईडचे स्वतःचे. टीएसएच ५.९ हा आकडा किंचित वाढलेला आहे. भारतातील आठ शहरांत झालेल्या एका पाहणीत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला थायरॉईडची कमतरता आढळली होती, इतके हे सर्रास आहे. कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या अल्प मात्रेने ग्रंथी मंदावत नाही. अतिक्रियाशील थायरॉईडच्या रुग्णाला आम्ही आयोडीन-१३१ औषध म्हणून देतो तेव्हा ग्रंथी थंड करण्यासाठी शंभर ग्रेच्या आसपास मात्रा लागते. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करावा आणि सोबत टीपीओ प्रतिपिंडांची (शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटले आहे का हे दाखवणारी) चाचणी करावी. टी-फोर ठीक असताना आणि टीएसएच दहाच्या आत असताना बहुतेकांना गोळी लागत नाही. कोबी-फ्लॉवर बंद करावा का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण बेळगावात थायरॉईडचा रुग्ण हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही, म्हणून सांगून ठेवतो: शिजवलेली भाजी खुशाल खावी.

दिरांनी मागवलेल्या गोळ्या कपाटातून काढून टाकाव्यात, किंवा निदान यजमानांच्या हाती तरी देऊ नयेत. पोटॅशियम आयोडाईडची गोळी अपघाताच्या वेळी ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा मिळत नाही. प्रौढासाठी ती १३० मिलिग्रॅमची असते, त्यात आयोडीन १०० मिलिग्रॅम. आपली रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅमची. ती घ्यायची वेळ म्हणजे आयोडीन येण्याआधीचे चोवीस तास ते आल्यानंतरचे काही तास. उशिरा घेतली तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. कोबाल्टपासून किंवा ट्रिटियमपासून ती कसलेही संरक्षण देत नाही. आणि गाठ असलेल्या, टीएसएच बिघडलेल्या माणसाने ती रोज घेतली तर आज नसलेला थायरॉईडचा आजार आपण हाताने ओढवून घेऊ. २०११ मध्ये फुकुशिमाच्या भीतीने काही देशांत लोकांनी आयोडीनसाठी मिठावर मीठ विकत घेतले होते. आपल्या आयोडीनयुक्त मिठात घरापर्यंत पोहोचताना किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते, म्हणजे एका गोळीइतके आयोडीन मिळवायला साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल. स्वयंपाकाला मात्र पाकिटावर आयोडीनयुक्त असे लिहिलेलेच मीठ वापरा. लोणच्यासाठी आणलेले खडे मीठ रोजच्या आमटीत घालू नका, कारण त्यात आयोडीन असतेच असे नाही.

तुमच्या मुलीचे स्कॅन करू नका. वडिलांच्या नेहमीच्या कामातून तिच्या गळ्यापर्यंत आयोडीन पोहोचत नाही. आणि मघाशी जे म्हटले, जास्त शोधले की जास्त सापडते, त्याची किंमत दक्षिण कोरियाने मोजली आहे: तिथे निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास सुरू झाल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कर्करोगाचे निदान पंधरा पटींनी वाढले, हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या, आणि या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंची संख्या होती तिथेच राहिली. फुकुशिमातील मुलांच्या तपासणीचा अनुभव पाहून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की अपघातानंतरही सरसकट थायरॉईड तपासणी करू नये. दीर्घकाळ लक्ष ठेवण्याचा पर्याय त्यांनी सुचवला तो गर्भात किंवा लहानपणी १०० ते ५०० मिलिग्रे किंवा अधिक मात्रा ग्रंथीला मिळालेल्यांसाठी. सणासुदीला शहरात 'फुल बॉडी'ची पॅकेजे निघतात, त्यात गळ्याची सोनोग्राफी फुकट घातलेली असते; ती फुकट पडत नाही, हे तुमच्या घराने या महिन्यात अनुभवले आहेच.

कधी काळी खरोखर अपघात झालाच, तर आधी विचार मुलीचा करायचा, यजमानांचा नंतर. कैगाभोवती आणीबाणीच्या नियोजनाचा पट्टा सोळा किलोमीटरचा आहे आणि तुमचे गाव त्याच्या पुष्कळ बाहेर येते. तरी प्रशासन सांगेल तितके आठवडे उघड्यावर चरणाऱ्या गुरांचे दूध तिला देऊ नये आणि गोळी द्यायची की नाही हे त्यांच्या सूचनेवरच ठरवावे. तीन ते बारा वर्षांच्या मुलाला प्रौढाच्या निम्मी मात्रा देतात, तीही बहुधा एकदाच.

काम सोडण्याविषयी सासूबाई आणि यजमान यांच्यात मला पडायचे नाही. या अहवालावरून काम सोडावे असे मी म्हणणार नाही. यजमान शटडाऊनला जातील तेव्हा बॅज खिशात न ठेवता छातीवर लावावा (पुष्कळ जण मर्यादा भरून काम बंद पडेल या भीतीने तो बाहेर काढून ठेवतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे), ट्रिटियम असलेल्या ठिकाणी दिलेला हवेचा सूट आणि मास्क उकाड्यापायी काढू नये, आणि लघवीची बाटली वेळेवर द्यावी. वर्षवार मात्रेचा कागद हाती आला की त्याची प्रत मला पाठवा. कन्नडमध्ये असला तरी चालेल.